राखून ठेवलेला गुलाल

डोंगराकाठच्या एका गावात दिगंबर खराडे नावाचे गृहस्थ राहत होते. त्यांच्याकडे एक पांढरी गाडी होती. ती ते जिवापाड जपत.

त्या वर्षी ते सरपंचपदाला उभे राहिले आणि मंदाकिनी मोकाशींकडून हरले. संध्याकाळी विजयाची मिरवणूक निघाली. खराड्यांच्या दारापुढे आल्यावर काही जणांनी मुठी भरभरून त्यांच्या गाडीवर गुलाल उधळला.

मिरवणूक पुढे गेली तशी दिगंबररावांची बायको शैलजा पाण्याची नळी घेऊन बाहेर आली. "कोरडा आहे तोवर धुऊन टाकू. दव पडलं की रंग धरेल."

"हात लावू नकोस," दिगंबरराव म्हणाले. "हे लोक कसे वागले ते गावाला दिसू दे."

दव पडले, वर ऊन तापले. गुलाल झडून गेला, पण त्याचा रंग बॉनेटवर पक्का बसला. दिगंबरराव तशीच गाडी घेऊन बाजाराला जात. कुणी विचारले की सगळी हकीकत सांगत. लोक हळहळत आणि त्यांना बरे वाटे.

एकदा चहाच्या टपरीवर त्यांनी पुन्हा तीच गोष्ट काढली. चहावाला म्हणाला, "दादा, हे मागेच सांगितलंत. गाडी धुवा की आता." बाकावरचे दोघे हसले.

दिगंबरराव तडक घरी आले. भांडी घासायचा काथ्या घेतला आणि रागारागाने बॉनेट घासू लागले. डाग तसाच राहिला. त्यावर ओरखडे मात्र उठले.

रस्त्याने मंदाकिनीताई चालल्या होत्या. त्या फाटकाशी थांबल्या. "दादा, त्याने डागाच्या आधी गाडीचाच रंग निघेल."

"तुमच्याच लोकांची करणी आहे ही."

"हो. मी मिरवणुकीतल्या ट्रॉलीतून पाहत होते. त्यांना थांबवायला हवं होतं, नाही थांबवलं." त्या जरा घुटमळल्या. "दुसऱ्या दिवशी येणार होते. पण तुम्ही डाग राखून ठेवलेला दिसला, मग पाऊल उचललं नाही."

दिगंबररावांच्या ओठांवर कडू उत्तर आले होते. त्यांनी ओरखड्यांकडे पाहिले आणि काथ्या खाली ठेवला.

"शैलजा," त्यांनी हाक मारली, "बादली आण. आणि दोन मऊ फडकी."

एक फडके त्यांनी मंदाकिनीताईंच्या हाती दिले आणि दोघे गाडीच्या दोन बाजूंना लागले. आधी भरपूर पाणी, मग साबणाचा फेस, शेवटी थोडे थोडे पॉलिश. जोर कुणीच लावला नाही. लाल रंग फडक्यावर उतरू लागला. ऊन कलेपर्यंत बॉनेट पांढरे दिसू लागले. काही ओरखडे राहिले. ते दिगंबररावांचे स्वतःचे होते आणि ते त्यांनी मान्यही केले.

पुढच्या आठवड्यात मंदाकिनीताई पाणी योजनेच्या कामासाठी तालुक्याला निघाल्या होत्या. एसटीच्या थांब्यावर दिगंबररावांनी गाडी उभी केली आणि आतून दार उघडले.

"चला, मलाही त्याच कामाचं बोलायचंय."

तात्पर्य: दुसऱ्याने लावलेला डाग जगाला दाखवण्यासाठी जपला, तर नुकसान आपल्याच वस्तूचे होते. तो वेळीच धुवावा. आणि ज्याच्यामुळे लागला तो मदतीला आला, तर त्याच्याही हाती फडके द्यावे.