एकशे तेरावी मुलाखत

"त्या बाईचं नाव बदललंस न्हवं? मग घाबरतीस कशाला?"

अप्पालालचाचांनी विचारलं आणि ते दर्ग्याच्या पायरीवरचा पाला झाडत राहिले.

"घाबरत नाहीये. पाठवण्याआधी एकदा तुम्हाला ऐकवावं म्हटलं."

"एवढ्या उन्हाचं?"

सुनीती मगदूमने घाम पुसला. तिच्या मांडीवर दोनशे पानांचा अहवाल होता. विद्यापीठाच्या श्रम अभ्यास केंद्राची ती संशोधनप्रमुख, वय बत्तीस. यंत्रमाग कामगारांवरचा हा अहवाल संध्याकाळी पाच वाजता सरकारने नेमलेल्या समितीकडे जायचा होता, मग छापला जाणार होता. आत्ता तीन वाजून गेले होते.

चाचा चाळीस वर्षं इचलकरंजीत जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करायचे. आता दर्ग्याची देखभाल करत. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पाहणीतल्या एकशे बारा घरांची दारं सुनीतीला त्यांनीच उघडून दिली होती. कुणाच्या घरी कधी जायचं, कुठं बसायचं, हे ती त्यांच्या मागून फिरत शिकली.

शिकून झालं, असं तिला वाटत होतं.

"वाच," चाचा म्हणाले. झाडू थांबला नाही.

"मुलाखत क्रमांक एकतीस. नाव बदललेलं. सुमन, वय चव्वेचाळीस. सुताच्या कांड्या भरायच्या यंत्रावर काम. यंत्राच्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी मालकाने काढायला लावली होती. डाव्या हाताची दोन बोटं गेली. हात पीठगिरणीत सापडला, असं खोटंच तिच्याकडून लिहून घेतलं..."

"शेवंता."

"काय?"

"शेवंता कोष्टी. तिचं पोरगं त्याच शेडात माग चालवतंय, ते बी लिहिलंस?"

सुनीतीने पान उलटलं. लिहिलं होतं.

"तुम्ही ओळखता तिला म्हणून..."

"आणि मालकाचा दिवाणजी ओळखत नाही? रोज तिची हजेरी कोण घेतंय?"

पलीकडच्या शेडमधून मागांचा खडखडाट येत होता. सुनीतीने पर्समधून पेन काढलं.

"वय काढते. मुलाचा उल्लेख काढते." तिने रेघा मारल्या. "बोटं... बोटं काढली तर काय उरलं?"

"कांड्या."

"चाचा, चेष्टा नको! अख्खा अहवाल या एका बाईवर उभा आहे. बाकी सगळ्यांनी ऐकीव सांगितलंय, भोगलेलं हिनेच सांगितलं. ती काढली तर समिती म्हणेल, अपघात होतातच कुठे? ठेवली तर उद्या मायलेक दोघं घरी बसतील. एक काय ते सांगा. ठेवू की काढू?"

चाचांनी झाडू भिंतीला टेकवला. रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले. खांद्यावरच्या रुमालाने पुसले. मग पुन्हा पुसले.

म्हातारी माणसं घाईतल्या माणसासमोरच इतकी सावकाश का होतात, कोण जाणे.

ते तिच्यासमोर येऊन बसले. पाठ ताठ केली.

"नाव सांगा, बाई."

"कुणाचं?"

"तुमचं. घाबरू नका, दहाच मिनिटं घेणार. तुमच्याच भल्यासाठी आहे."

बोलणं चाचांचं नव्हतं. तिचंच होतं. एकशे बारा घरांत तिने हेच म्हटलं होतं, याच चालीत. तिच्या शेजारी बसून चाचांना सगळी प्रश्नावली पाठ झाली होती.

"चाचा, वेळ नाहीये."

"सगळे असंच म्हणतात, बाई. नाव?"

तिला हसू आलं. "बरं. सुनीती मगदूम."

"काम?"

"संशोधनप्रमुख."

"नेमणुकीचं पत्र मिळालं आहे?"

"हो."

"कायमचं?"

"...अकरा महिन्यांचं."

"त्यानंतर?"

"एक दिवस खंड. मग पुन्हा अकरा महिने."

"असं किती वर्षं?"

"पाच."

"आजारपणाची रजा?"

"नाही."

"वरिष्ठांकडून काही त्रास?"

सुनीतीने मागे वळून पाहिलं. कट्ट्याखाली एक शेळी पाला खात होती. दुसरं कुणी नव्हतं.

"लिहून घेत नाही ना तुम्ही?"

"मला कुठं लिहायला येतंय?"

ती पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. मग बोलली ते एका दमात.

"संचालक माझं लिखाण स्वतःच्या नावाने छापतात. दोनदा छापलं. मी काही बोलले नाही. ऑगस्टमध्ये माझी मुदत संपते आणि पुढच्या पत्रावर सही त्यांचीच लागते. श्रम अभ्यास केंद्रात बसून मी..."

ती थांबली. तिचे कान लाल झाले होते.

"हे कुणाला सांगू नका हं, चाचा."

"सांगतो की. नाव बदलून." चाचांनी डोळे मिटून पाठ म्हटल्यासारखं सुरू केलं. "मालती, वय बत्तीस. श्रम अभ्यास केंद्रात संशोधनप्रमुख..."

"अहो, केंद्रात प्रमुख एकच आहे!"

तिचा आवाज एवढा चढला की शेळीने मान वर केली.

चाचांनी डोळे उघडले.

"शेवटचा प्रश्न, बाई. तुम्ही सांगितलेलं आम्ही छापू का?"

"नाही."

"बरं."

"म्हणजे... थांबा. नाही असं नाही." सुनीती पुढे सरकली. "कुणीतरी छापायलाच हवं. पाच वर्षं मी वाट बघतेय कुणी विचारेल म्हणून. पण कधी छापणार, किती छापणार... आधी मला वाचून दाखवा ना. मी ठरवते. माझं मला ठरवू द..."

वाक्य तिथंच राहिलं.

तिने खाली मान घालून एकतिसाव्या मुलाखतीकडे पाहिलं. आपण मारलेल्या रेघांकडे पाहिलं.

"शेवंताबाईंनी संमतीपत्रावर अंगठा दिलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "आमच्याकडे आहे तो कागद. नियमाप्रमाणे."

"पीठगिरणीच्या कागदावर बी दिलाय."

सुनीतीच्या हातातलं पेन खाली पडलं. चाचांनी उचललं, तिच्या पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची चेन लावून टाकली.

तिने घड्याळ पाहिलं. साडेतीन होत आले होते.

"पाचला पाठवायचंय, चाचा. उशीर झाला तर ऑगस्टचं पत्र विसरायचं. आणि वाचून दाखवल्यावर त्या नको म्हणाल्या तर? किंवा... छाप म्हणाल्या तर?"

चाचा उठले. झाडू घेतला. उरलेल्या पायऱ्या झाडायला लागले.

"चाचा!"

"चारला सुटते ती. म्होरल्या दाराला दिवाणजी असतोय," ते वर न बघता म्हणाले. "मागच्या बोळानं जा."