बांडीचं बाद मत

एक होतं बेंबापूर. तिथे राजा नव्हता, कारण तिथे लोकशाही होती. आणि लोक नव्हते, कारण सगळ्या शेळ्याच होत्या. गावाभोवती बाभळी-बोरींचं दाट काटेरी कुंपण होतं आणि कुंपणाबाहेर लांडगा होता. कुंपण वाडवडिलांनी लावलेलं. लांडगा त्याच्याही आधीचा.

बेंबापुरात मत द्यायचं म्हणजे पाला खायचा. वरच्या आळीचे पुढारी शिंगराव बोकड बाभळीच्या फांद्या मांडत, खालच्या आळीचे दाढीराव बोकड बोरीच्या. ज्याच्या जास्त फांद्या ओरबाडल्या जातील तो सरपंच. मोजणीला गाढव बसवत. ते कुणाच्याच बाजूचं नव्हतं, कारण त्याला बाजू कळतच नसे. फांद्या अर्थात कुंपणाच्याच तोडत, आणि मोजून झालेल्या काट्या पुरावा म्हणून पंचायतीभोवती रचत. पंचायत कशी भक्कम झाली होती!

वरच्या आळीने बाभूळच खायची आणि खालच्या आळीने बोरच, असं आजे-पणजे सांगून गेले होते. का, ते तेवढं सांगायचं राहिलं. वरच्या आळीतल्या कुणी चुकून बोरीला तोंड लावलंच, तर तिच्या लेकीची सोयरीक जमत नसे.

बांडी शेळीचं घर वरच्या आळीच्या टोकाला, कुंपणाला लागून. तिच्या परसातल्या कुंपणाला भोक पडलं होतं. मागल्या निवडणुकीनंतर त्यातून ससा जायचा. यंदा लांडग्याचं नाक आलं आणि तिच्या एकुलत्या एका करडाचा, ठिपक्याचा, वास घेऊन गेलं. तेव्हापासून बांडीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ती शिंगरावांकडे गेली.

"साहेब, तेवढं भोक बुजवा. माझं ल्येकरू तितंच खेळतंय."

"बांडे, तू आपली आहेस," शिंगराव रवंथ करत म्हणाले. "तुझा आजा आमच्याच बाभळीवर वाढला. निवडणूक होऊ दे. पहिलं भोक तुझंच बुजवतो."

"आन् निवडणुकीला फांद्या कुठनं तोडणार?"

"तुझ्याच परसातनं. जवळ पडतं."

संध्याकाळी सभा झाली. शिंगराव उकिरड्यावर चढून गरजले, "बंधू-भगिनींनो, विरोधक म्हणतात कुंपणाला भोक पडलं. मी विचारतो, आजवर कधी गावात एवढा वारा खेळला होता? ते भोक नाही, ती खिडकी आहे! आणि खालच्या आळीत जाऊन बघा, तिथे दोन भोकं आहेत, दोन!"

वरच्या आळीने खूर आपटून धुरळा उडवला. शेजारची काळीकाकू तर आनंदाने उड्याच मारू लागली. "ऐकलंस का गं बांडे? त्यांच्यात दोन!"

"आवं काकू, पर आपल्यातलं एक माझ्या परसात हाय."

"आसंना का. त्यांच्यापरीस एक कमीच न्हवं?"

मतदानाच्या दिवशी बांडी रांगेत उभी राहिली. पोटात कावळे ओरडत होते आणि समोर बाभळीची कोवळी लुसलुशीत फांदी. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने फांदी दातात धरली, पण पाला चावला नाही. तशीच ती तडक परसात गेली आणि फांदी भोकात घट्ट रोवली.

"पाला खाल्ला नाही," गाढवाने जाहीर केलं. "मत बाद."

वरची आळी म्हणाली, ही खालच्यांना फितूर झाली. खालची म्हणाली, ही वरच्यांचीच चाल आहे. बांडीचं डोकं फिरलंय, यावर मात्र दोन्ही आळ्यांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं.

शिंगराव निवडून आले. गुलाल उधळला. दाढीराव अभिनंदनाला पंचायतीत गेले ते तिथेच रमले. काट्यांच्या आत झोप छान लागते.

भर दुपारी लांडगा आला. सवयीने बांडीच्या भोकाशी गेला. नाकाला काटा टोचला, तसा जरा बाजूला सरकला आणि सरळ चालत आत आला. भोक बुजलेलं होतं. कुंपण उरलं नव्हतं. बांडी शिंगं रोखून आडवी आली. तो तिला ओलांडून गेला. ती ठिपक्याच्या नावाने हंबरडा फोडत पंचायतीपर्यंत धावली, पण फाटक आतून बंद होतं.

खालच्या आळीने विचारलं, "कुणाचं गेलं?"

"वरच्यांचं."

"मग ठीक."

दिवस कलल्यावर शिंगराव सांत्वनाला आले. सोबत बाभळीची एक फांदी, सानुग्रह मदत म्हणून. "बांडे, ठिपक्याचं बलिदान वाया जाणार नाही," ते म्हणाले.

बांडीने फांदीकडे पाहिलंही नाही. "ती भोकातलीबी न्या साहेब. आता राखाया काय ऱ्हायलंय माझं?"

ते गेल्यावर काळीकाकू बराच वेळ बांडीजवळ बसून रडली. रडता रडता, मदतीच्या फांदीचा चांगला पाला वाया जायला नको म्हणून तिने तो खाऊन टाकला.

ओरबाडलेली ती काटी गाढवाने उचलली. बांडीच्या दारात सापडली म्हणून ती बांडीच्या नावावर मोजली आणि तिचं बाद मत नियमित करून घेतलं. बेंबापुरात शंभर टक्के मतदान झाल्याचं जाहीर झालं. ठिपक्या त्यात धरला नव्हता. त्याला अजून मताचा अधिकार नव्हता.