झेंड्यामागचं स्वातंत्र्य

टेक्सासचा मळेवाला कर्नल थॅडियस मेक्सिकोवरच्या स्वारीला निघाला होता. नदीपलीकडे मेक्सिकोत गुलामगिरीला बंदी होती, त्यामुळे घोड्यांच्या नालांसाठी सोबत न्यावा लागणारा आपला गुलाम लोहार एझ्रा तिकडे पळणार, असा त्याला दाट संशय होता.

निरोप द्यायला जमलेल्या पाहुण्यांसमोर त्याने भाषण ठोकलं, "आपला झेंडा जाईल तिथे स्वातंत्र्य जाईल!" मग एझ्राकडे रोखून बघत विचारलं, "काय रे, पलीकडे गेल्यावर पळशील?"

'हो' म्हटलं तर बेड्या, 'नाही' म्हटलं तर खोटारडा म्हणून चाबूक.

एझ्रा म्हणाला, "मालक, झेंड्यामागून स्वातंत्र्य येणारच आहे, मग मी कशाला पळू?"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आता बेड्या घातल्या, तर कर्नलचंच भाषण खोटं ठरलं असतं. दातओठ खात त्याने एझ्राला मोकळंच नेलं.

नदी ओलांडल्यावर तिसऱ्या सकाळी घोड्यांना नाल ठोकायला लोहार सापडेना.