चाळणीचं चिलखत

हसा, हसून घ्या पाहुणे. पारावर टांगलेलं हे चिलखत बघून पहिल्यांदा सगळेच हसतात. तेलाच्या डब्याचा पत्रा, सायकलची चेन, बाटल्यांची बुचं, खांद्यावर टायरचे तुकडे. आमच्या उंबरसोंड्यात दर अक्षय तृतीयेला घरोघरच्या मोडक्यातोडक्या वस्तू मागून हे नव्यानं बांधतात. विकतचा खिळासुद्धा चालत नाही.

का, ते सांगतो. फोन जरा खिशात ठेवा.

फार पूर्वी इथे गोजरा नावाची म्हातारी होती म्हणे. तिचा एकुलता एक मुलगा रायाजी दसऱ्याला चिलखत चढवून मोहिमेवर गेला. गेलेली माणसं अक्षय तृतीयेपर्यंत घरी यायची. तसा त्याच्यासोबतचा मसाजी आला, एका पायानं लंगडत. रायाजी आला नाही. मसाजीला तिच्या दारात जायचा धीर होईना. काय सांगायचं तिला? वर्षं गेली, म्हातारीची नजर गेली. अक्षय तृतीयेला सगळं गाव पितरांना पान वाढायचं, पण ही मुलाला पितरांत बसवेना. त्याचं ताट वाढून उंबऱ्याशी ठेवायची आणि दिवसभर वाट बघायची. एका वर्षी तर तो आल्याशिवाय जेवणार नाही म्हणून तिनं अन्नच सोडलं.

गाव हवालदिल झालं. कुणीतरी रायाजी बनून जावं, असं ठरलं. म्हातारी हातानं चाचपणार, तेव्हा अंगावर चिलखत हवंच. ते आणायचं कुठून? मग कुणी जुन्या मोटेचं चामडं दिलं, कुणी करवंट्या, कुणी झिजलेले विळे. छातीवर एक पितळी चाळणी बसवली. घालायला मसाजीच हटून बसला.

तो उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. म्हातारीनं खांदे चाचपले, मग छाती. चाळणीची तुटलेली कड डाग देऊन सांधलेली होती, तिथे तिची बोटं थांबली. अहो, चाळणी तिचीच! कुणीतरी मागून नेलेली, परत द्यायची राहून गेलेली. या शहाण्यांनी नेमकी तीच लावली. भिंतीआडून बघणाऱ्यांनी कपाळावर हात मारला.

म्हातारी शांतपणे म्हणाली, "मसाजी, पाय वढत किती वर्सं माझ्या दारावरनं गेलास. आत का न्हाई आलास रं?"

मसाजी तिथेच बसला आणि रडला. मग रायाजी कसा गेला ते त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि त्याच्यासोबत दोन घास खाल्ले, असं सांगतात.

आजही ज्या घरचं माणूस गेलं आणि परतलं नाही, त्या दारात चिलखतवाला जातो. घरचे त्याला जेवू घालतात. नियम एकच, हाक त्याच्या स्वतःच्या नावानं मारायची. गेलेल्याचं नाव त्याला द्यायचं नाही.

माझा धाकटा भाऊ हणमंता कामाला म्हणून गेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. पत्र नाही, निरोप नाही. फार आठवण येते हो. यंदा शेजारचा सर्जा चिलखत घालून दारात आला. मी म्हटलं, "ये सर्जा, बस." पण ओठांवर दुसरंच नाव आलं होतं.