पिठाच्या डब्यातला कप

फार पूर्वी, म्हणजे तुटकं भांडं जोडायलाही क्लास लावावा लागायचा त्या काळी, शाल्मलीताईंच्या फडताळात सहा निळे कप राहत. सातवा कप कान तुटलेला. तो पिठाच्या डब्यात माप म्हणून नोकरीला होता.

एकदा ताई फुटकी भांडी सोनेरी रेघांनी सांधायची जपानी कला शिकू लागल्या. क्लासला घरचंच फुटकं भांडं न्यायचं होतं. बिनकानाचा कप हरखला. "लागला एकदाचा माझा नंबर! आता पुन्हा माझ्यात चहा पडणार."

"आधी तोंडावरचं पीठ तरी पूस," निळे कप फिसकन हसले.

ताईंनी त्याला उचलून फिरवून पाहिलं. "हा काही छान फुटलेला नाही," म्हणत परत पिठात टाकलं. मग एक धडधाकट निळा कप टॉवेलात गुंडाळला आणि बत्त्यानं, अगदी प्रेमानं, फोडला.

महिन्याभरानं तो सोनेरी रेघा मिरवत शोकेसमध्ये बसला. "केवढं सोसलंय हो यानं!" ताई भिशीच्या मैत्रिणींना सांगत होत्या. "चहा नाही हं ओतायचा त्यात, सोनं उतरेल."

मैत्रिणी होत्या सहा आणि निळे कप उरले पाच. ताईंनी घाईघाईनं डब्यातला कप विसळला, चहा ओतला आणि पेंडसेबाईंपुढे केला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला.

"अय्या, बिनकानाचा! हाच ना गं खरा जपानी?"

"हो ना, खास मागवलाय," ताई म्हणाल्या.

कपाला खुलासा करावासा वाटला. पण चहा आल्याचा होता, म्हणून तो गप्प राहिला.