खोटा खोकला

एकदा एक कापडाचा व्यापारी आपल्या वृद्ध आचार्यांकडे आला, तो चेहरा पाडूनच. त्याला लेकीला, कालिंदीला, समुद्र दाखवायचा होता. पण पाठशाळेची सुट्टी पडते ऐन लग्नसराईत, आणि लग्नसराईत दुकान सोडणारा व्यापारी अजून जन्मायचा आहे. शाळा चालू असताना मूल परगावी नेले, तर पालकाला दंड आणि वर चावडीवर नावाचा पुकारा. बिचाऱ्याची झोप उडाली होती.

"आचार्य, कायद्यात राहून दंड चुकवता येईल का?"

"आजारी मुलाला दंड नाही," आचार्य म्हणाले.

"मग कालिंदी आजारी आहे, असे पंतोजींना कळवतो. एवढ्याने कोणाचे काय बिघडते?"

आचार्यांनी वाद घातला नाही. त्यांनी कालिंदीला बोलावले आणि खोटे खोकायला शिकवू लागले. "छातीतून खोक, बाळ. आता डोळे मीट." पोर मोठी चलाख. घटकाभरात अशी खोकू लागली की येणारेजाणारे थबकले. व्यापाऱ्याला ते बघवेना, तरी त्याने तिला थांबवले नाही. गरजवंताला अक्कल नसते, म्हणतात ते काही खोटे नाही.

दुसऱ्या दिवशी तो धापा टाकत आला. "आचार्य, कालिंदी सकाळपासून खोकते आहे. पुरे कर म्हणालो, तर म्हणते, बाबा, खरंच दुखतंय. वैद्यांना बोलावू की रागावू? मला काही सुधरत नाही हो."

"आधी वैद्यांना बोलाव," म्हणत आचार्य त्याच्यासोबत निघाले. वैद्यांनी नाडी पाहिली. पोरीला खरोखर ताप होता.

व्यापारी लेकीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवू लागला. आचार्य म्हणाले, "तू तिला घरी जे शिकवणार होतास, ते मी तुझ्यादेखत शिकवले. सवलत आजाऱ्यासाठी आहे, सोंगासाठी नव्हे. कायद्याची वाट एकच. पंतोजींकडे आधी जा, खरे कारण सांग, परवानगी माग. दिली तर दंड नाही. नाही दिली, तर दंड भरून जा किंवा घरी राहा."

व्यापारी पंतोजींकडे गेला आणि त्याने सारे खरे सांगितले. पंतोजींनी शांतपणे ऐकून घेतले, पण परवानगी दिली नाही.

घरी येऊन तो लेकीच्या उशाशी बसला. "पंतोजी नाही म्हणाले, बाळ. आपल्याला आत्ता जाता येणार नाही."

कालिंदीने त्याच्याकडे निरखून पाहिले. "खरंच नाही म्हणाले, बाबा?"