टिचकीचा डाव

दिवाळीची सुट्टी संपली. मुलं काकडत काकडत शाळेत गेली. अंगणात राहिला त्यांचा मातीचा किल्ला. किल्ल्यापाशी राहिले विटी-दांडू.

मग खेळायला कोण आलं? मुंगूसदादा आला. खारूताई आली. आणि आली टिचकी उंदरी. एवढ्ढीशी.

टिचकी रोज कच्चं लिंबू. कच्चं लिंबू म्हणजे नुसतं पळायचं. डाव काही मिळत नाही.

आज मुंगूसदादा म्हणाला, "बरं, घे एक डाव."

टिचकीच्या गालात एक बोर होतं. डाव झाला की खायचं, असं तिचं ठरलं होतं. तिनं दांडू उचलला. टण्ण! विटी उडाली सुंईऽऽ आणि बोरीच्या झाडात अडकून बसली.

"विटी आण," मुंगूसदादा म्हणाला. "नाहीतर तू कच्चं लिंबू. कायमची."

टिचकीला रडू आलं. पण रडून विटी पडते थोडीच? टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"बोरीबाई, बोरीबाई, विटी पडेना, डाव होईना. जरा हल की."

"मी नाही हलत जा. वारा उठला तर हलेन."

वारा किल्ल्याच्या गुहेत मुटकुळं करून बसला होता. टिचकी गेली तुरु तुरु, तुरु तुरु.

"वारेबुवा, वारेबुवा, बोरी हलेना, विटी पडेना, डाव होईना. जरा उठा की."

"मी नाही उठत जा. मला थंडी वाजते. शेकोटी पेटली तर उठेन."

वाऱ्याला म्हणे थंडी वाजते. असो. टिचकी गेली तुरु तुरु, तुरु तुरु.

"शेकोटीमावशी, शेकोटीमावशी, वारा उठेना, बोरी हलेना, विटी पडेना, डाव होईना. जरा पेट की."

"मी नाही पेटत जा. माझा पाला ओला. सूर्य आला तर पेटेन."

सूर्य धुक्याची गोधडी ओढून झोपला होता. टिचकी किल्ल्याच्या बुरुजावर चढली तुरु तुरु, तुरु तुरु.

"सूर्यदादा, सूर्यदादा, शेकोटी पेटेना, वारा उठेना, बोरी हलेना, विटी पडेना, डाव होईना. जरा ये की."

"मी नाही येत जा. कोंबडा आरवला तर येईन."

कोंबडा खुराड्यावर गप्प बसला होता. टिचकी गेली तुरु तुरु, तुरु तुरु.

"कोंबडेकाका, कोंबडेकाका, सूर्य येईना, शेकोटी पेटेना, वारा उठेना, बोरी हलेना, विटी पडेना, डाव होईना. जरा आरवा की."

"मी नाही आरवत जा. घसा बसलाय. बोर खाल्लं तर आरवेन."

"बोरानं तर घसा बसतो."

"तुझा. माझा सुटतो."

टिचकीनं गालाला हात लावला. एकच बोर. आंबटगोड. सकाळपासून जपलेलं. तिला फार फार वाईट वाटलं. तरी तिनं दिलं. गुळुक!

कुकूच कूऽऽ! कोंबडा आरवला. सूर्य आला. शेकोटी पेटली. वारा उठला. बोरी हलली. टप टप टप टप! विटी पडली. बोरंही पडली, ढीगभर.

टिचकीनं दोन्ही गाल भरून घेतले. मग दांडू उचलला. टण्ण! विटी गेली किल्ल्याच्या पार पलीकडे. मुंगूसदादा धावत गेला आणि धापा टाकत आला.

"टिचकी पक्की," तो म्हणाला.

तेवढ्यात सूर्य वरून म्हणाला, "मलाही घ्या की खेळायला."

सगळ्यांनी टिचकीकडे पाहिलं. टिचकीनं बोराची बी थुंकली.

"नवीन आहेस ना?"

"हो."

"मग ये. पण तू कच्चं लिंबू."

तेव्हापासून सूर्य रोज नुसता पळतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. थंडीत तर जरा जास्तच जोरात. डाव काही मिळत नाही.